बाळकृष्ण गेला कुठे?

१

रविवारी दिवेलागणीला सुशीलाकाकूंनी देवघराचा पडदा बाजूला केला, तर बाळकृष्ण जागेवर नव्हता.

गणपती होता, शंख होता, घंटा होती. अन्नपूर्णाही नेहमीसारखी वाटीतल्या तांदळात उभी होती. हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगणारा, अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण तेवढा नाहीसा झाला होता. लग्नात मुलीबरोबर माहेरहून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण येतात, तसा तो काकूंबरोबर यवतमाळहून आलेला. त्या लग्नाला या महिन्यात पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त बद्रीनाथकाका आणि काकू नातीबरोबर शुक्रवारी सकाळी कोचीला गेले आणि रविवारी दुपारी परत आले. दाराचं कुलूप शाबूत होतं.

घराची दुसरी चावी समोरच्या रझियाआपांकडे. आमची ही शनिवार पेठेतली इमारत उभी राहिली तेव्हापासून ती त्यांच्याकडेच आहे. कुंड्यांना पाणी, दुधाची पिशवी, गॅसचा सिलिंडर, सगळं त्या बघतात. त्या संध्याकाळी आपा तिथेच उभ्या होत्या. प्रवासातून आलेल्या माणसांना चूल पेटवायला लागू नये म्हणून डबा घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात काकूंच्या मुलाचा, सुदर्शनचा, नागपूरहून फोन आला. काकूंचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण त्यांना कमी ऐकू येतं आणि ते त्यांना मान्य नाही. काकूंनी रडत रडत देव गेल्याचं सांगितलं.

सुदर्शनने विचारलं, "आई, चावी कोणाकडे होती?"

काकू काही बोलल्या नाहीत. आपांनी डबा ओट्यावर ठेवला, चावी काढून डब्याशेजारी ठेवली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. त्या मजल्यावरची दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असतात. सोमवारी सकाळी मी वर गेले तेव्हा दोन्ही बंद होती.

२

माझं नाव नम्रता. त्याचा माझ्या स्वभावाशी काही संबंध नाही, हे इमारतीत कोणीही सांगेल. मी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करत असे. दुकान जळालं म्हणणाऱ्याने आदल्या दिवशी माल मेहुण्याकडे हलवला होता का, हे शोधून काढायचं. अशा नोकरीत गोडवा टिकत नाही. पण काकूंच्या हातचं पिठलं खाऊन मी या इमारतीत निवृत्त झाले आहे, त्यामुळे त्यांनी बोलावल्यावर गेले.

"देव नाही मिळाला तरी एक वेळ सोसेन," काकू म्हणाल्या. डोळे सुजले होते. "पण रझियाचं दार उघडायला हवं. तिने नाही घेतला, हे मला... सुदर्शनला दाखवून दे."

"शुक्रवारपासून सांगा," मी म्हटलं. "काही गाळू नका."

काकूंना गाळायला सांगितलं तरी जमलं नसतं. जायचं नक्की झाल्यापासून महिनाभर त्यांच्या जिवाला एकच घोर होता, की पोरगं उपाशी राहील. पोरगं म्हणजे बाळकृष्ण. काकांनी यावर नेहमीप्रमाणे भरपूर चेष्टा केली होती. काका पक्के नास्तिक. पन्नास वर्षं त्यांनी प्रसाद खाल्ला, पण हात जोडले नाहीत. शेवटी शुक्रवारी काकूंनी लवकर पूजा केली, देवाच्या डोक्यावर रझियाआपांच्या कुंडीतलं जास्वंद ठेवलं, गुळाचा खडा ठेवून माफी मागितली आणि पडदा ओढला.

"आणि कोची?"

काकूंचा चेहरा नकळत उजळला. "अगं, घामाने चिंब व्हायला होतं, पण काय गाव आहे! समुद्राकाठी ती मोठाली जाळी. चार माणसं दोर ओढतात आणि सगळं जाळं पाण्यातून वर येतं. मी तासभर उभी होते. यांनी मला बोटीतून नेलं. पलीकडे उतरून काही केलं नाही, तशीच परत आणली. आणि दुकानं भर दुपारी उघडी!"

"आपल्याला सवय नाही," मी म्हटलं.

"अन्नम्मा म्हणून बाई आहे, तिच्या घरी वरची खोली घेतली होती. जीव लावला गं तिने. यांचं पोट नाजूक, म्हणून मी आंबेमोहर आणि मेतकूट घेऊन गेले होते. पण यांनी तिच्याकडचा तो टपोरा भात मिटक्या मारत खाल्ला. तांदळाच्या पिशवीला मी बांधलेली गाठ तेवढी सुटली, बॅगभर दाणे. विमानतळावरच्या लोकांनी उघडली असेल." काकू थांबल्या. "तीन दिवस मला घर आठवलं नाही, नम्रता. देवही आठवला नाही. म्हणूनच गेला तो. आता मी कुठे जायची नाही."

"घरी आल्यावर काय झालं?"

"काय होणार? यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, तांदूळ कुठे आहे म्हणून. विमानात खायला काय मिळतं, भूक लागली असेल. म्हटलं, निघताना अन्नम्माला दिला. कोणाकडे राहिल्यावर रिकाम्या हाताने कसं निघायचं? तर हे उठून साखर आणायला गेले. डबा भरून साखर आहे घरात. दिवा लावायला पडदा उघडला तेव्हाही बाहेरच होते. आल्यावर देव गेल्याचं सांगितलं, तर 'सापडेल' एवढंच म्हणाले."

"चेष्टा नाही केली?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनाही ते चमत्कारिक वाटल्यासारखं दिसलं.

मी देवघरापाशी बसले. बाळकृष्णाच्या खालचं वस्त्र पांढरं होतं. ज्या जागी तो रांगत असतो, बरोबर त्या जागी जांभळट लाल डाग होता, आणि डागावर सुकलेलं जास्वंद चिकटलं होतं.

मी काकूंना वस्त्राला हात लावू नका म्हणून सांगितलं.

३

रझियाआपांनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. हे त्या घरात माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. मागे त्यांचे यजमान अकबरभाई पेपर वाचत असल्याचं दाखवत होते.

"चौकशीला आलात?" आपांनी विचारलं.

"हो."

"मग विचारा. बाकीच्यांनी न विचारताच ठरवलं."

शुक्रवारी त्यांच्या भाचीचा, सबाचा, कोंढव्याला साखरपुडा होता. भल्या सकाळी त्यांनी काकूंना फूल दिलं, मग ही दोघं रिक्षाने गेली. काका-काकूंची गाडी नंतर आली. आपा परतल्या शनिवारी दुपारी. तेव्हा कुलूप उघडलं, कुंड्यांना पाणी घातलं, कुलूप लावलं.

"देवघराकडे गेलात?"

"त्या पडद्याला मी आजवर हात लावलेला नाही. वहिनींनी कधी नको म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. रोजचं फूल माझ्या कुंडीतलं असतं, मला तेवढं पुरत होतं."

मी त्यांना डागाबद्दल सांगितलं. जास्वंद एका दिवसाचं फूल. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून त्याची वात होते. वस्त्रावर डाग पडायचा तर फूल ताजं, ओलं असतानाच तिथे ठेवलेलं हवं. आणि डाग देवाच्या बुडाखालच्या जागेवर आहे. म्हणजे फूल ताजं असतानाच कोणीतरी देव उचलला आणि डोक्यावरचं फूल त्याच्या रिकाम्या जागी ठेवलं. शनिवारी दुपारी उचलला असता, तर सुकलेल्या फुलाने एवढा डाग पडला नसता.

"तेव्हा देव शुक्रवारी, घरातली माणसं निघतानाच गेला. तुम्ही कोंढव्याला होतात. सुदर्शनचं तोंड बंद करायला एवढा पुरावा पुरे."

मला वाटलं होतं आपांचा चेहरा सैल होईल. तो झाला नाही.

"सुदर्शन लांब राहतो. त्याला पुरावा दाखवा, माझी हरकत नाही. पण मी तिथे उभी असताना वहिनी गप्प बसल्या. त्याला कसला पुरावा देणार तुम्ही?"

त्यांनी हळूच दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

४

घरातून शुक्रवारी तीनच माणसं निघाली होती. त्यातली अपेक्षा, सुदर्शनची मुलगी, वारज्यात मैत्रिणींबरोबर राहते आणि हिंजवडीच्या कंपनीत काम करते. सहलीची सगळी तिकिटं तिने काढली होती. दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि आल्या आल्या म्हणाली, "नम्रतामावशी, आय स्वेअर, मी देवघराजवळ गेलेच नाही. मी कॅब ट्रॅक करत होते."

"शनिवारी संध्याकाळी कुठे होतीस? काकू म्हणाल्या, तू ऑफिसचा कॉल आहे म्हणून गेलीस आणि जेवून आलीस."

ती लाल झाली. मी गप्प बसले. दाव्यांच्या तपासणीत हे एक हत्यार फार उपयोगी पडतं.

"माझा एक कलीग आहे, बुद्धभूषण. तो सध्या तिथल्या ऑफिसला आहे. त्याच्याबरोबर मासे खायला गेले. केळीच्या पानातले. प्लीज आजीला सांगू नका. मासे एक वेळ चालतील तिला, पण बुद्धभूषणचं मीच सांगणार आहे, नीट वेळ बघून."

"मला तुझ्या माशांशी कर्तव्य नाही. आजोबा कसे वागले ते सांग."

"आजोबा? टोटली क्यूट. पण वेगळेच. घरी तर दहा वाजेपर्यंत आंघोळ करत नाहीत ना? तिथे आजी उठायच्या आधी आंघोळ करून बाल्कनीत. दार लावून. आणि रोज अन्नम्मा आँटीकडून एक केळं जास्त मागून घ्यायचे. मी म्हटलं, शुगर आहे ना तुम्हाला, तर म्हणाले, माझ्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

"मला वाटलं आजीसाठी." ती थांबली. "आणि काल आल्यावर त्यांनी माझ्याकडून आँटीचा नंबर घेतला. थँक यू म्हणायचंय म्हणे. आजोबांना थँक यू!"

मी चहाचा कप खाली ठेवला. अपेक्षाला म्हटलं, वर जाऊन आजीजवळ बस, आणि मी येईपर्यंत फोन चार्ज करून ठेव.

५

काका नदीकाठच्या बाकावर सापडले. हातात फोन होता आणि तो ते कानाला लावून पुन्हा पुन्हा खाली घेत होते.

"अन्नम्मा फोन उचलत नाही वाटतं," मी शेजारी बसत म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू विमा कंपनीत होतीस ते बरं. पोलिसात असतीस तर लोकांचं काही खरं नव्हतं."

"अन्नपूर्णेमुळे कळलं. चोर असता तर ती वाटीसकट उचलली असती, वाटी चांदीची आहे. पण नेणाऱ्याने तिला ठेवलं आणि बाळकृष्णाला नेलं. अन्नपूर्णा सगळ्या जगाला वाढते, ती कशाला उपाशी राहील? उपाशी राहतं ते पोर. काकू महिनाभर हेच म्हणत होत्या, आणि ते ऐकणारं माणूस घरात एकच होतं."

काकांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"काकू खाली गाडीत बसल्यावर तुम्ही देव उचलला, फूल त्याच्या जागी ठेवलं, पडदा ओढला. आता प्रश्न होता ठेवायचा कुठे. तुम्हाला पूजेतलं काही कळत नाही. पन्नास वर्षांत लांबून एवढंच पाहिलं, की देवघरात एक देव तांदळात उभा असतो. तुम्हाला वाटलं देव तांदळातच ठेवायचा असतो. बॅगेत सगळ्यात वर आंबेमोहराची पिशवी होती."

"अन्नपूर्णाच तेवढी तांदळात असते, हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. "काल रात्री तिच्याकडे नीट बघितलं."

मग ते बोलत राहिले. रोज पहाटे गाठ सोडून देवाला काढायचे, पेल्यात आंघोळ घालायचे, बाल्कनीत बसवून केळं द्यायचे, आणि तेच केळं मग स्वतः खायचे. गाठ काकूंसारखी परत बांधता येत नव्हती.

"हिला सांगणारच होतो. कधी तरी मध्येच घराची आठवण काढेल, पोरगं उपाशी असेल म्हणेल, तेव्हा काढून समोर ठेवू म्हटलं. पण हिने आठवणच काढली नाही, गं. ती जाळी बघत होती. पन्नास वर्षांत मी तिला इतकी खुशीत पाहिली नव्हती. मग कशाला सांगायचं? गुपचूप घरी आणून ठेवू म्हटलं."

"आणि काकूंनी पिशवी अन्नम्माला दिली."

"स्वतःच्या हाताने. कळलं तर ती स्वतःला माफ करेल? त्यापेक्षा हरवला म्हणू दे. मी त्या बाईला फोन करून मागवून घेईन आणि म्हणेन, पाटाखाली घरंगळला होता." त्यांनी फोन खिशात टाकला. "दोन दिवसांचा प्रश्न आहे. तू गप्प बस, नम्रता. कोणाचं काही बिघडत नाहीये."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. फोन आला तेव्हा ते साखर आणायला गेले होते, आणि काकूंनी त्यांना ते सांगितलं नव्हतं. कदाचित सांगायची लाज वाटली असेल.

"काका, रझियाआपांनी तुमच्या घराची चावी परत दिली आहे. सुदर्शनने सगळ्यांसमोर विचारलं, चावी कोणाकडे होती."

काका उठले. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी ते हात धरून उठतात. या वेळी त्यांनी माझा हात धरला नाही.

६

काकांनी देवघरासमोर उभं राहून काकूंना सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मी दारात होते, अपेक्षा पलंगावर. काकू ऐकत राहिल्या. तांदळाचं आलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे मीच देऊन टाकला."

"मी लपवला म्हणून तू दिलास," काका म्हणाले.

"केळं देत होतात?"

"रोज."

"तुळस?"

"तुळस कुठून आणू मी तिथे?"

काकू रडायला लागल्या, पण कालसारख्या नाही. अपेक्षाने तेवढ्यात व्हिडिओ कॉल लावला, आणि या वेळी तो लागला. अन्नम्मा मुलीच्या गावाहून नुकतीच परतली होती. पांढरे केस, चष्मा, मागे भिंतीवर मेरीमातेची तसबीर. अपेक्षाने इंग्रजीत विचारलं. तांदूळ होता. नातवंडं येतील तेव्हा रांधायचा म्हणून ठेवला होता. अन्नम्मा पिशवी घेऊन आली, गाठ सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आम्ही चौघंही श्वास धरून त्या हाताकडे बघत होतो.

हात बाहेर आला तेव्हा मुठीत बाळकृष्ण होता. डोक्यावर तांदळाचे दोन दाणे.

अन्नम्माने त्याला पदराने पुसलं, उजेडात धरलं आणि हिंदीत म्हणाली, "अच्छा, केला इसके लिए था." मग त्याला टेबलावर बसवून ती केळं आणायला आत गेली.

काका म्हणाले कुरिअरने मागवू. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की तो विषय तिथेच संपला.

"आधी समोर जायचंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही नाही. मी."

रझियाआपांनी दार उघडलं. मी जिन्याच्या पायरीवर थांबले. जायला हवं होतं, पण गेले नाही. काकूंनी बाळकृष्ण कुठे आहे आणि कसा गेला ते सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं.

"चला, मिळाला. बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि दार लोटू लागल्या.

काकूंनी दार धरलं. रागावल्या किंवा फार दुखावल्या की त्यांचं पुणं गळून पडतं आणि यवतमाळ बाहेर येतं.

"काहून लोटतेस? ऐक ना. सुदर्शनने विचारलं तेव्हा मी गप्प काहून बसले, सांगते. मला ऐकू आलं होतं. आणि एक क्षण, एकच क्षण, माझ्याही मनात आलं, की चावी तर हिच्याकडेच होती. एवढ्या वर्षांनी ते मनात आलं, याची मला इतकी भीती वाटली, की तोंडातून शब्द फुटला नाही."

मी मनात म्हटलं, काकू, हे बोलायची काय गरज होती? पुरावा होता, देव सापडला होता, सगळं सावरून घेता आलं असतं.

आपांनी दारावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, वहिनी. तुमचा चेहरा मला वाचता येतो. म्हणून तर गेले. तुम्ही आत्ता खोटं बोलला असतात, तर हे दार मी पुन्हा उघडलं नसतं."

"मग आता?"

"आणायला कधी जायचं?"

"येत्या शनिवारी. अपेक्षा बघतेय तिकिटं."

"माझंही काढायला सांगा." आपांनी दार पूर्ण उघडलं. "बॅगेत नाही, तांदळात नाही. अख्ख्या प्रवासात तो माझ्या हातात राहील. तिथून उचलायचा मी, आणि तुमच्या देवघरात त्याच्या जागेवर ठेवायचा तोही मीच. चालेल तुम्हाला?"

काकूंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"आंघोळ कशी घालायची ते उद्यापासून शिकवते," त्या म्हणाल्या. "पाणी कोमट लागतं त्याला."